मोनेचे ‘ला ग्रनुयेर’ : जवळून रंगाचे पट्टे, लांबून वाहते पाणी

रेवातीर

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात मुलीकडे न्यूयॉर्कला असताना मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लागोपाठ दोन दिवस जाण्याचा योग आला. दुसऱ्या दिवशी जवळजवळ तासभर मी एकाच चित्रासमोर घालवला, आणि तेव्हापासून मनात घोळत असलेला प्रश्न तुमच्यापुढे मांडावा म्हणून हा धागा काढते आहे.

चित्र फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे आहे, १८६९ सालचे. नाव ‘ला ग्रनुयेर’. आकार साधारण ७५ बाय १०० सेंटिमीटर, म्हणजे फार मोठेही नाही. पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीवर असलेल्या एका सहलीच्या ठिकाणाचे हे दृश्य आहे. मधोमध एक लहानसे गोल बेट आहे आणि त्यावर एकच झाड उभे आहे. झाडाखाली शहरी पोशाखातले स्त्रीपुरुष दाटीवाटीने उभे आहेत. बेटावर जायला अरुंद फळ्यांचा साकव आहे, उजवीकडे पाण्यावर तरंगणाऱ्या उपाहारगृहाचे छप्पर दिसते, पलीकडे काही माणसे पोहत आहेत आणि अलीकडे, अगदी आपल्या पायाशी असाव्यात अशा, बांधून ठेवलेल्या रिकाम्या होड्या आहेत. बाकी सगळे पाणी आहे.

पाण्याजवळ चेहरा नेऊन पाहिले, तर तेथे पाणी नव्हते. काळपट तपकिरी, मळकट पिवळा, फिका निळा आणि जवळजवळ पांढरा अशा रंगांचे बोटभर रुंदीचे आडवे पट्टे एकमेकांशेजारी ठेवलेले होते. एखाद्याने भिंतीवर रंगाची चाचणी घ्यावी, तसे. चार पावले मागे आले आणि ते पट्टे हलू लागले, त्यांच्यावर होड्या डोलू लागल्या. मी हा खेळ दहा वेळा तरी केला असेल. नेमक्या कोणत्या पावलाला रंगाचे पाणी होते, ते मला शेवटपर्यंत पकडता आले नाही.

दुसरे असे की, त्याच उन्हाळ्यात त्याच काठावर, मोनेच्या शेजारी त्याचा मित्र ऑग्युस्त रन्वारही चित्र काढत होता. त्याचे चित्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी ते फक्त छापील स्वरूपात पाहिले आहे. तेच बेट, तेच झाड, तीच गर्दी. तरीही त्यात मला आधी माणसे दिसतात आणि पाणी मागाहून दिसते. मोनेच्या चित्रात याच्या उलट होते.

तर, कोरडा रंग पाणी कसा होतो, आणि एकाच जागी बसलेल्या दोन मित्रांना दोन वेगळ्या नद्या कशा दिसल्या? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घाटावरची सकाळ

रेवातीर ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. गेली तीस वर्षे मी मुलांना निसर्गचित्रण शिकवतो, आणि वाईला कृष्णेच्या घाटावर दर रविवारी सकाळी माझा एक छोटा वर्ग भरतो. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल हाताने काम करणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

तुम्ही ज्याला पट्टे म्हणता, ते चपट्या कुंचल्याचे काम आहे. जुने कुंचले दोऱ्याने बांधलेले आणि म्हणून गोल असत. एकोणिसाव्या शतकात केसांभोवती पत्र्याची पट्टी आवळण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यामुळे चपटे, कडेला सरळ कापलेले कुंचले सहज मिळू लागले. असा कुंचला भरून घेऊन एकदाच आडवा ओढला, की सुरुवातीला जाड आणि शेवटी विरत जाणारा पट्टा मिळतो. पाण्यावरची लहर नेमकी त्याच आकाराची असते. म्हणजे लाटेचे चित्र काढावेच लागत नाही, हाताची एक हालचाल आणि लाटेचा एक उंचवटा यांचे माप जुळते.

दुसरी गोष्ट रंगाच्या नळ्यांची. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबता येणारी धातूची नळी शोधून काढली. त्याआधी खलून तयार केलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ती पिशवी एकदा टोचली की रंग वाळू लागे. नळीमुळे दहा-बारा रंग पेटीत टाकून नदीकाठी जाणे आणि उभ्याउभ्या काम करणे सोपे झाले.

आता एक फरक सांगतो, जो मला शिकवताना नेहमी जाणवतो. आपल्याकडे निसर्गचित्रणाची मोठी परंपरा जलरंगाची आहे. जलरंगात पाण्यावरची चमक ही कागदाची पांढरी जागा असते. ती आधीपासून राखून ठेवावी लागते आणि एकदा गेली की गेली. तैलरंगात मोने आधी गडद पाणी लावू शकतो आणि चमक शेवटी वरून ठेवू शकतो. त्यामुळे त्या फिकट पट्ट्यांना जाडी आहे आणि बाजूने पाहिले तर ते कॅनव्हासवर उठून आलेले दिसतात. दालनातला प्रकाश त्यांच्या कडांवर पडतो. तुम्ही पुढेमागे होताना पाणी हलल्यासारखे वाटले, त्यात या खऱ्या उंचवट्यांचाही वाटा असावा, असे माझे मत आहे.

पानगळ

मला वाटते, याचे उत्तर सोपे आहे. जवळजवळ ठेवलेले वेगवेगळे रंग लांबून पाहिल्यावर डोळ्यात एकमेकांत मिसळतात आणि त्यातून तिसराच रंग दिसतो. दृक्प्रत्ययवादी, म्हणजे मोनेसारख्या ‘इम्प्रेशनिस्ट’ चित्रकारांचे तंत्रच ते होते, असे आम्हाला महाविद्यालयात शिकवले होते.

किरणमापक

पानगळ, हे स्पष्टीकरण सगळीकडे आढळते, पण या चित्राला ते लागू पडत नाही, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. रंग डोळ्यात मिसळायचे असतील तर ठिपके इतके बारीक हवेत की त्या अंतरावरून ते सुटे दिसताच कामा नयेत. रेवातीर ताईंनी बोटभर रुंदीचे पट्टे पाहिले आहेत. चार पावलांवरून ते मिसळत नाहीत, ते स्वच्छ सुटे दिसतात. बारीक ठिपक्यांचा पद्धतशीर प्रयोग पुढे १८८० च्या दशकात जॉर्ज सरा या चित्रकाराने केला. तो वेगळा विचार होता.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून पाण्याकडून सुरुवात करतो. संथ पाणी हा एक आरसा असतो. वाऱ्याने किंवा होडीने ते हलले, की त्या एका आरशाचे असंख्य छोटे, कललेले आरसे होतात. लाटेचा जो उतार आपल्याकडे तोंड करून असतो, त्यात वरचे आकाश किंवा डोक्यावरची झाडी दिसते. त्याच उतारावर आपली नजर जास्त उभी पडत असल्यामुळे परावर्तन कमी होते आणि पाण्याच्या आतला तपकिरी, हिरवट रंगही दिसतो. जो उतार आपल्यापासून दूर कललेला असतो, त्यावर नजर घासून जाते आणि त्यात पलीकडच्या काठाजवळच्या गोष्टी ठळक उमटतात. म्हणून हलत्या पाण्यात दोन-तीन रंगांचे आडवे तुकडे आळीपाळीने दिसतात. त्यांच्या मधल्या छटा फारशा नसतातच. मोनेने छटा एकमेकांत घोटल्या नाहीत, कारण समोर त्या घोटलेल्या नव्हत्या.

आणखी एक. पाण्यात सरळ खाली पाहिले तर जेमतेम दोन टक्के प्रकाश परावर्तित होतो, पण नजर जितकी तिरपी होत जाईल तितके परावर्तन वाढत जाते, आणि अगदी दूरवर पाणी जवळजवळ पूर्ण आरसा होते. शिवाय दूरच्या लाटा आपल्याला दबलेल्या दिसतात. या चित्रात पायाशी असलेले पट्टे रुंद, गडद आणि एकमेकांपासून सुटे आहेत, तर बेटाकडे जावे तसे ते बारीक आणि उजळ होत जातात. अंतर दाखवायला मोनेने एकही रेघ आखलेली नाही. यथादर्शनाचे, म्हणजे जवळ-दूर दाखवण्याचे, सगळे काम पट्ट्यांच्या जाडीने केले आहे. आपला मेंदू जन्मापासून पाणी असेच पाहत आला आहे, त्यामुळे त्याला ही मापे मिळाली की तो पाणी उभे करतो. मिसळतात ते रंग नव्हेत, जुळतात ती मापे.

पानगळ

सर, पटले. इतकी वर्षे मी चुकीचे सांगत आले. ‘मिसळणे’ आणि ‘जुळणे’ हा फरक आता लक्षात राहील.

साशंक

सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि त्यातून बरेच शिकायला मिळाले. तरीही वेगळे मत नोंदवतो.

मला हे चित्र पूर्ण वाटत नाही. बेटावरच्या माणसांना चेहरे नाहीत. पोहणाऱ्यांची डोकी म्हणजे काळे ठिपके आहेत. साकवावरच्या बायका दोन-तीन फटकाऱ्यांत उरकल्या आहेत. नदीवर सुटीसाठी आलेली ही माणसे कोण आहेत, एकमेकांशी काय बोलत आहेत, त्यांना त्या दुपारचा आनंद होतो आहे की नाही, याची मोनेला काही पडलेली नाही. होडी, माणूस आणि प्रतिबिंब या तिघांना तो एकाच भावात मोजतो. विषय लोकांच्या फुरसतीचा असताना लोकच गौण होणे मला खटकते. रन्वारच्या चित्रात कपड्यांचा हलकेपणा आहे, टोप्या आहेत, कोणी कोणाकडे वळून पाहत आहे. रन्वारने सुरुवातीच्या काळात चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवण्याचे काम शिकून केले होते, आणि ती नाजूक बोटे येथेही दिसतात. तुम्हा सर्वांना मोने मोठा वाटतो, पण त्या काठावर मला कोणाशेजारी बसायला आवडेल असे विचाराल, तर रन्वारशेजारी.

आणि हो, मोनेला स्वतःलाही ती चित्रे कच्चीच वाटत होती, असे मी वाचल्याचे आठवते. कोणी खात्रीने सांगू शकेल काय?

उत्तरायण

साशंक, तुमची आठवण बरोबर आहे. मी बारा वर्षे पॅरिसच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि ही जागा माझ्या घरापासून फार लांब नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

२५ सप्टेंबर १८६९ रोजी मोनेने आपला चित्रकार मित्र फ्रेदेरिक बाझील याला पत्र लिहिले. ला ग्रनुयेरच्या स्नानाचे एक चित्र करण्याचे आपले स्वप्न आहे, त्यासाठी आपण काही वाईट टिपणे केली आहेत, पण ते स्वप्नच आहे, आणि दोन महिने येथे राहिलेल्या रन्वारलाही तेच चित्र करायचे आहे, असा त्यातला मजकूर आहे. आज न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये आपण ज्यांच्यासमोर उभे राहतो, ती बहुधा हीच ‘वाईट टिपणे’.

आता ती टिपणे कोणत्या परिस्थितीत झाली, ते पाहा. दोघेही मित्र तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्या वर्षीच्या सालाँने, म्हणजे पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनाने, मोनेची चित्रे नाकारली होती. तो सहचरी कामीय आणि लहानगा मुलगा जाँ यांच्यासह बूजिव्हालजवळच्या एका वस्तीत राहत होता. ऑगस्टमध्ये त्याने बाझीललाच लिहिले की आठ दिवस घरात पाव नाही, वाइन नाही, चूल पेटवायला सरपण नाही आणि दिवाही नाही, आणि उपाशी मरू नये म्हणून रन्वार आपल्या घरून पाव आणून देतो. रन्वारचे आईवडील जवळच लुव्हसिएनला राहत आणि रन्वारचा खिसाही रिकामाच होता. रंग संपल्यामुळे काम थांबल्याची तक्रारही मोनेच्या त्या वेळच्या पत्रांत आहे.

म्हणून साशंक, तुमच्या मुद्द्याला माझे उत्तर असे की त्या बेटावरची माणसे मोनेसाठी पलीकडच्या काठावरचीच होती. ती आगगाडीने सुटी घालवायला आली होती. सँ-लाझार स्थानकातून गाडी पकडली की सुमारे अर्ध्या तासात येथे पोहोचता येई, कारण १८३७ पासून त्या बाजूला लोहमार्ग सुरू झालेला होता. कारकून, दुकानांत काम करणारे, विद्यार्थी आणि बऱ्यापैकी सधन कुटुंबे असा सगळा मेळा तेथे जमे. जागेची जाहिरात ‘सेनवरचे त्रूव्हील’ म्हणून होई. त्रूव्हील हे समुद्रकाठचे श्रीमंतांचे गाव. याच सुमारास खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन पत्नी आणि मुलासह तेथे येऊन गेला होता. त्या गोल बेटाला लोक ‘कामांबेर’ म्हणत, कारण त्याचा आकार त्या नावाच्या चीजच्या चकतीसारखा होता. आणि ‘ग्रनुयेर’ म्हणजे बेडकांचे डबके. त्यातल्या ‘बेडकी’ या शब्दाला त्या काळच्या बोलीत मोकळ्या वागणुकीच्या तरुणींचा उपहासात्मक अर्थही होता.

हा मेळा ज्याच्या शेजारी चालला होता, त्या माणसाच्या घरी चूल पेटत नव्हती. त्याने त्या माणसांचे चेहरे टाळले असे मी म्हणणार नाही, पण पाणी मात्र सगळ्यांना फुकट होते, आणि त्याने पाण्याकडे जितका वेळ पाहिले तितका वेळ त्या गर्दीतल्या कोणीही पाहिले नसेल.

रेवातीर

उत्तरायण, तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. रन्वारने आणलेल्या पावाची गोष्ट मला माहीत नव्हती. संग्रहालयात त्या चित्राभोवती जाड सोनेरी चौकट आहे आणि आजूबाजूला इतकी शांतता आहे की त्यामागे सरपणाचा प्रश्न असेल, असे मनातही आले नाही. आता पायाशी बांधलेल्या त्या रिकाम्या होड्या मला वेगळ्या दिसू लागल्या आहेत. त्या भाड्याच्या होड्या असतील, नाही का? त्यांत बसायलाही पैसे लागत असतील.

मुक्तछंद

एक शंका विचारतो. पॅरिसचे सांडपाणी त्या काळी सेनमध्येच जात होते ना? मग बूजिव्हालला, म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला, पोहण्याजोगे पाणी खरोखर होते का? चित्रात सगळे रमणीय दिसते म्हणून विचारले.

उत्तरायण

शंका रास्त आहे. शहराची नवी भुयारी गटारे बांधली गेली तेव्हा त्यांचे मुख्य तोंड आस्नियेरजवळ नदीत सोडले होते, आणि ला ग्रनुयेर त्याच्या खालच्या अंगालाच येते. पुढच्या दशकांत प्रदूषणाच्या तक्रारी वाढत गेल्या. खुद्द पॅरिस शहरात १९२३ मध्ये सेनमधल्या पोहण्यावर बंदी आली. २०२५ च्या उन्हाळ्यात ठरावीक जागी लोकांना पुन्हा उतरू दिले, तेव्हा मीही रांगेत उभा राहून पाण्यात गेलो. पाणी हिरवट तपकिरी होते. हात पाण्याखाली वितभर नेला की बोटांच्या कडा पुसट होत. डोके पाण्याच्या पातळीला आल्यावर मात्र तेच पाणी समोर सगळे निळे-पांढरे दिसत होते. किरणमापक सरांनी सांगितलेला नजरेच्या कोनाचा नियम मी त्या दिवशी नकळत अनुभवला होता, हे आज समजले. मोनेच्या पाण्यातला तो मळकट पिवळा आणि तपकिरी रंग पाहिला, की मला वाटते, त्याने नदीला खोटे नटवलेले नाही. पाणी गढूळ आहे आणि त्याच्यावर आकाश आहे, दोन्ही त्याने दाखवले आहे.

घाटावरची सकाळ

उत्तरायण यांचे शेवटचे वाक्य मी माझ्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे. मुले पाणी म्हटले की निळा रंग घेतात. कृष्णेचे पाणी पावसाळ्यानंतर गेरूसारखे असते, तरी निळा घेतात. मी त्यांना वाटीभर गढूळ पाणी उन्हात ठेवून आधी वरून आणि मग डोळे वाटीच्या काठाला आणून पाहायला सांगतो. वाटी तीच, पण वरून ती मातीची असते आणि काठावरून आकाशाची.

साशंक यांच्या मुद्द्याकडेही वळतो. प्रतिबिंब, होडी आणि माणूस यांना एकाच भावात मोजणे ही उणीव आहे असे तुम्ही म्हणता. माझ्या दृष्टीने त्या काळाच्या चित्रकलेतले सर्वांत धीट पाऊल तेच होते. तोवर पाण्यातले प्रतिबिंब हे खऱ्या वस्तूचे दुय्यम, पुसट रूप म्हणून रंगवले जाई. येथे प्रतिबिंब रंगवताना कुंचला जितका ठाम आहे तितका तो माणसे रंगवतानाही नाही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही प्रकाशच आहेत, मग एकाला मान आणि दुसऱ्याला उपेक्षा का? पुढे आयुष्याच्या शेवटच्या काळात जिव्हर्नी येथील आपल्या बागेतल्या तळ्यावर त्याने काठ, आकाश आणि माणूस सगळेच काढून टाकले आणि नुसते पाणी ठेवले. त्याची सुरुवात मला या बेटापाशी दिसते.

माळवी

धाग्यातील ताईंचे ‘रेवातीर’ हे नाव पाहून राहवले नाही. रेवा म्हणजे नर्मदा, आमच्या माळव्याकडची. आमच्या इंदूरला द. दा. देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकला विद्यालय सुरू केले, आणि ना. श्री. बेंद्रे त्यांच्याच हाताखाली शिकले. भर उन्हात बाहेर जाऊन, जागेवर बसून, मोकळ्या फटकाऱ्यांनी रंगवण्याची जी सवय त्या विद्यालयातल्या मुलांना लागली, तिच्यात फ्रेंच दृक्प्रत्ययवादाचा अंश होता, असे कलेचे अभ्यासक मानतात. माझे काका तेथे शिकत होते. पळसाच्या झाडाची सावली काळी रंगवली म्हणून मास्तरांनी त्यांना पुन्हा उन्हात पाठवले आणि सावलीत जांभळा दिसेपर्यंत परत येऊ नकोस असे सांगितले, ही आठवण ते नेहमी सांगत. एवढेच नोंदवून थांबतो, कारण विषय सेनचा आहे.

साशंक

घाटावरची सकाळ, तुमचा युक्तिवाद मोलाचा आहे आणि मी त्यावर विचार करतो आहे. तरी ‘पूर्ण’ या शब्दाबद्दलचा माझा प्रश्न सुटलेला नाही. चित्रकार स्वतः ज्याला टिपण म्हणतो, त्याला आपण पूर्ण चित्र म्हणायचे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला? मनातले मोठे चित्र त्याने केले असते, तर आज आपण या टिपणांना इतके महत्त्व दिले असते का?

किरणमापक

साशंक, ते चित्र बहुधा झाले होते. बर्लिनच्या आर्नहोल्ड संग्रहात मोनेचे ला ग्रनुयेरचे आणखी एक, मोठे चित्र होते. दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झाले असे मानले जाते, आणि आज त्याचे कृष्णधवल छायाचित्रच उरले आहे. मोनेला अभिप्रेत असलेले चित्र तेच असावे, असे अनेक अभ्यासक समजतात. १८७० च्या सालाँनेही मोनेला नाकारले. त्या निर्णयाचा निषेध म्हणून परीक्षक मंडळातले ज्येष्ठ निसर्गचित्रकार दोबिन्यी यांनी राजीनामा दिला. हे दोबिन्यी स्वतः होडीत बसून नदीची चित्रे काढत, आणि काही वर्षांनी मोनेनेही तशीच एक होडी घेतली. मग जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध सुरू झाले, आणि ज्याला ती पत्रे लिहिली होती तो बाझील २८ नोव्हेंबर १८७० रोजी लढाईत मारला गेला. त्याचे वय एकोणतीसही पूर्ण नव्हते. ज्या प्रदर्शनामुळे या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटले, ते १८७४ चे. बाझील ते पाहू शकला नाही.

आणि न्यूयॉर्कच्या चित्रावर खाली उजव्या कोपऱ्यात मोनेची सही आहे. ज्याला त्याने टिपण म्हटले, त्याची जबाबदारी त्याने घेतली, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

टेम्सकाठ

हा धागा मी आठवडाभर नुसता वाचत होते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचे याच जागेचे दुसरे चित्र आहे, ७३ बाय ९२ सेंटिमीटरचे. शुक्रवारी गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते, म्हणून काल कामावरून सुटल्यावर मुद्दाम गेले आणि तुम्ही सर्वांनी सांगितलेले एकेक पडताळून पाहिले.

या चित्रात बेट नाही. साकव आहे आणि त्यावर उभी असलेली माणसे आहेत. त्यांत पोहण्याच्या पोशाखातल्या दोन स्त्रिया आहेत. पलीकडे उन्हातली झाडे आहेत आणि अलीकडे होड्या आहेत. होड्या आणि साकव सावलीत आहेत, तर पोहणारे उन्हात आहेत. साकवाखालून मागचे उजळ पाणी दिसते, आणि मला वाटते सगळे चित्र त्या एका फटीवर उभे आहे. होडीची कड म्हणजे एका दमात ओढलेला लांब पट्टा आहे. ती ओढताना हात कोठेही थांबलेला नाही.

साशंक यांच्यासाठी एक निरीक्षण. चेहरे नाहीत हे खरे, पण त्या दोन स्त्रियांपैकी प्रत्येकीची उभी राहण्याची ढब वेगळी आहे, आणि ती इतक्या थोड्या रंगात आली आहे की मी फटकारे मोजू लागले आणि दहाच्या आतच थांबले. ओळखीचा माणूस नदीच्या पलीकडच्या काठावर उभा असला तर चेहरा दिसण्याआधी आपण त्याला उभ्या राहण्यावरून ओळखतो. मोने त्या अंतरावर होता, आणि त्या अंतरावरून जेवढे दिसते तेवढेच त्याने रंगवले. रन्वारने, माझ्या समजुतीप्रमाणे, मनाने ते अंतर ओलांडले आणि तो त्यांच्यात जाऊन उभा राहिला. रेवातीर ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे हे माझे उत्तर. बसायची जागा एकच होती. दोघे नदीच्या किती जवळ आणि माणसांच्या किती जवळ होते, ते वेगळे होते.

साशंक

टेम्सकाठ, ‘उभ्या राहण्यावरून ओळखणे’ हा मुद्दा मला पूर्णपणे पटला. आमच्या गावी नदीपलीकडच्या शेतातून येणाऱ्या आजोबांना मी तसेच ओळखत असे. मी रन्वारशेजारीच बसेन, पण मोनेच्या माणसांना आता अपूर्ण म्हणणार नाही.

रेवातीर

टेम्सकाठ, तुम्ही कामावरून दमून सुटल्यावर त्या चित्रापर्यंत गेलात, याबद्दल कोणत्या शब्दांत आभार मानू? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, आणि जे विचारले नव्हते तेही मिळाले. पुढच्या खेपेस मुलीकडे जाईन तेव्हा किरणमापक सरांनी सांगितल्याप्रमाणे पायाशी असलेल्या पट्ट्यांपासून बेटापर्यंत नजर हळूहळू नेऊन पाहणार आहे.

तोवर कालची एक गोष्ट सांगते. संध्याकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या हौदाजवळ बसून डोळे काठाला लावले. वाऱ्याने पाणी हलले तेव्हा पलीकडच्या पिवळ्या भिंतीचे तुकडे झाले. आडवे, सुटे, अलीकडे रुंद आणि पलीकडे बारीक. मी ते मोजण्याचा प्रयत्न केला, पण अंधार पडू लागला.

घाटावरची सकाळ

ताई, चपटा कुंचला आणि तीनच रंग घ्या, भिंतीचा, आकाशाचा आणि हौदाच्या तळाचा. उद्या त्याच वेळी तेथेच बसा, आणि जे होईल ते येथे दाखवा.